भाव आणि मुदत

पनवेलमध्ये निव्वळ लिहून घर चालवणारी माणसं आहेत, हे पनवेलकरांनाही फारसं ठाऊक नसतं. पण आजूबाजूला नजर टाका, लिहिण्याचं काम इथे पावलोपावली आहे. तळोजा आणि पाताळगंगेच्या कारखान्यांत सुरक्षेच्या सूचना मराठीत लावाव्या लागतात. बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत सूचना लावायचं बंधन १९४८च्या कारखाना कायद्यापासूनचं. महामार्गाच्या दुतर्फा इमारती उठताहेत, त्यांची माहितीपत्रकं आणि जाहिराती लागतात. आयुर्वेदिक औषधांचा धंदा तर १८७२ साली धूतपापेश्वर सुरू झाल्यापासून इथे मुरलेला. त्याला वेष्टनावरचा मजकूर लागतो, वैद्यांसाठी पुस्तिका लागतात. शिवाय पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, डॉक्टरांच्या वेबसाइट, कुणा उद्योजकाचं आत्मचरित्र. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून हॉटेलवालेही दोन-तीन भाषांतला मजकूर मागू लागलेत.

हे सगळं कुणीतरी घरी बसून लिहितं आणि महिनाअखेर पगाराची वाट न बघता बिलं पाठवतं. त्यांतली मी एक. नवीन पनवेलमध्ये राहते, इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, जाहिरातींचा मजकूर लिहिते, दुसऱ्यांच्या नावाने भाषणंही लिहून देते.

या कामात नव्याने आलेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, शब्दाला किती सांगू?" मी त्यांना उलट विचारते, पैसे कधी मिळणार हे विचारलंस का? बहुतेकांनी विचारलेलं नसतं. दर ठरवण्यात दोन दिवस घालवलेले असतात, कुठे पन्नास पैसे वाढवून मिळाले याचा आनंद असतो, आणि पैसे महिन्याने येणार की वर्षाने, याचा पत्ताच नसतो.

माझे बाबा कळंबोलीच्या पोलाद बाजारात हिशेबनीस होते. मुंबईतून हलवून कळंबोलीत वसवलेला हा बाजार उधारीवर चालतो. तिथे भाव कधी एकटा बोलला जात नाही. रोखीचा भाव निराळा, तीस दिवसांचा निराळा, साठ दिवसांचा आणखी निराळा, आणि हे सगळं माल हलायच्या आधी ठरतं. मी नोकरी सोडून लिहायला बसले तेव्हा बाबांनी दर किती, हे विचारलंच नाही. "मुदत काय ठरली?" एवढंच विचारलं. गेली कित्येक वर्षं हा प्रश्न मी प्रत्येक नव्या कामाला लावते आहे, आणि माझ्या मते फ्रीलान्स लेखकाच्या पैशाचे निम्मे प्रश्न या एका प्रश्नात आहेत. वीस हजारांचं बिल तीस दिवसांत मिळणं आणि तेच वीस हजार आठ महिन्यांनी मिळणं, हे दोन वेगळे दर आहेत. मधल्या काळात घराचा हप्ता थांबत नाही, मुलाची फी थांबत नाही. वर ते वीस हजार मागण्यासाठी केलेले फोन, पाठवलेले मेल, त्यांत गेलेल्या सकाळी, ही सगळी बिनपगारी नोकरीच.

तरी आधी भावाचं बोलू, कारण तो ठरवण्याची रीतही कुणी शिकवत नाही. बहुतेक जण दुसरा किती घेतो ते बघून आपला आकडा ठरवतात. मी आपल्या घरखर्चापासून सुरुवात करायला सांगते. समजा, एखादीला महिन्याला चाळीस हजार हातात हवेत. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, आरोग्य विमा, सीएची फी असे आठ हजार धरू. हा विमा नोकरीत कंपनी भरायची, आता आपण. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार झाले. महिन्यात कामाचे बावीस दिवस धरले तरी त्यांतले कितीतरी दर सांगण्यात, नमुने पाठवण्यात, दुरुस्त्यांत, बिलं करण्यात आणि नुसतं वाचण्यात जातात. ज्याचे पैसे लावता येतील असं लेखन बारा दिवस झालं तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे त्या एका दिवसाची किंमत चार हजार. नीट, तपासून, दोनदा वाचून केलेला अनुवाद दिवसाला दोन हजार शब्द होत असेल, तर शब्दाला दोन रुपये पडले. आता कुणी म्हणालं की बाजारात पन्नास पैशांनी करणारे आहेत, तर त्या दराने अठ्ठेचाळीस हजार गाठायला रोज आठ हजार शब्द करावे लागतील. चांगला अनुवाद कुणाच्याही हातून त्या वेगाने होत नाही. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून कागदावर करावा. तो एकदा केला की "जरा कमी करा ना" या वाक्याला किती दाद द्यायची, ते मनात पक्कं असतं.

शब्दावर दर लावताना एक खाचखळगा मराठीत खास आहे. शब्द कुठले मोजायचे, मूळ इंग्रजी की झालेले मराठी? आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत 'इन द हाउस' असे तीन शब्द, मराठीत 'घरात' हा एकच. लांब मजकुरात ही तफावत चांगलीच भरते. म्हणून मूळ मजकुराचे शब्द धरणार, हे आधीच लिहून टाकावं. त्यात दुसरा फायदा असा, की काम सुरू व्हायच्या आधीच दोघांनाही रक्कम कळते.

जाहिरातीला मात्र शब्दाचा दर लावूच नये. गृहप्रकल्पाच्या फलकावरच्या चार शब्दांच्या ओळीसाठी मी दोन दिवस घालवते. शिवाय तिथे नियम माहीत असावे लागतात. घरांच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक हवा, १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही हवा. औषधाच्या जाहिरातीत कुठल्या आजारांवर उपायाचा दावा करता येत नाही, याची यादी १९५४च्या औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यात आहे. मधुमेह त्यात आहे, कर्करोग आहे. हे ठाऊक असलेला लेखक क्लायंटला दंडापासून वाचवतो. त्याचे पैसे संपूर्ण कामाच्या एकरकमी दरात धरायचे.

आणि अलीकडचं नवं काम म्हणजे, "एआयने मराठी करून घेतलंय, तुम्ही फक्त नजर घाला." ही 'फक्त नजर' कधी कधी नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ खाते, कारण वाक्य वरवर बरोबर दिसतं आणि अर्थ भलतीकडे गेलेला असतो. औषधाच्या पुस्तिकेत असं एक वाक्य निसटलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. अशा कामाला मी तासाचा दर लावते, पहिली दोन पानं तपासून किती तास लागतील ते कळवते आणि मगच पुढे जाते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणं, मुद्रिताचं शेवटचं प्रूफ वाचणं, हेही वेगळं काम आहे आणि त्याचा वेगळा आकडा असतो.

भाव आणि मुदत ठरली की ती लिहायची. भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो, पण वाद झाला तर तो सिद्ध करणार कसा? वकील गाठून दहा पानी करार करण्याची लहान कामांत गरज नसते. ईमेलवर झालेला करारही कायद्याने ग्राह्य आहे. मी काम घेताना पाठवते तो मेल साधारण असा असतो:

"नमस्कार. आपलं ठरल्याप्रमाणे: चोवीस पानी माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद, मूळ इंग्रजी सहा हजार शब्द, एकूण रक्कम बारा हजार रुपये. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी, उरलेली मजकूर हाती दिल्यापासून पंधरा दिवसांत. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत. मूळ इंग्रजी मजकूर मध्येच बदलला, तर त्याचे पैसे वेगळे. काम अर्ध्यावर थांबलं, तर तोवर झालेल्या मजकुराचे पैसे द्यावे लागतील. हे पटत असेल तर 'मान्य' एवढं उत्तर पाठवावं, म्हणजे कामाला लागते."

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या भांडणाला आधीच दार लावते. दोन फेऱ्यांची ओळ नसेल तर मालकांचे मेव्हणेही दुरुस्त्या सुचवतात. 'मूळ मजकूर बदलला तर' ही ओळ गृहप्रकल्पांच्या कामात फार लागते. क्लब हाउस पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर येतं आणि सगळं पान फिरतं. आणि 'मान्य' हे उत्तर आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही, मग पलीकडचा माणूस कितीही ओळखीचा असो. ओळखीच्या माणसाशी तर आधी लिहिलेलंच बरं. ओळख टिकते.

निम्मे पैसे आधी मागायला लोक बिचकतात. "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" असं समोरचा म्हणतो आणि आपण ओशाळतो. ओशाळायचं कारण नाही. घर विकणारा बिल्डर नोंदणीकृत करार व्हायच्या आधी किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊ शकतो, हे रेरा कायद्यातच लिहिलंय. छपाईवाला कागदाचे पैसे आधी घेतो. कार्यालयवाला हॉलची अनामत घेतो. त्यांना अॅडव्हान्स हा शब्द कळतो, फक्त तो लेखकाच्या तोंडून ऐकायची सवय नसते. शांतपणे, एकदाच आणि कारणं न देता मागितलं की बहुतेक जण देतात. जे अजिबात देत नाहीत, त्यांच्याकडचे शेवटचे पैसेही अडतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता मुदत उलटून गेल्यावर काय? उत्तरं सगळीकडे सारखी. साहेब बाहेरगावी आहेत. अकाउंट्सला पाठवलंय. मजकूर अजून वाचून व्हायचाय. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं, "आमच्या क्लायंटकडून आले की लगेच देतो." बिल्डर आणि लेखक यांच्यामध्ये जाहिरात एजन्सी असते, तिचं हे ठरलेलं वाक्य. लेखकांना वाटतं, खरंच आहे बिचाऱ्यांचं, त्यांनाच मिळाले नाहीत तर आपल्याला कुठून देणार?

इथे मला सगळ्या लिहिणाऱ्यांना हाताला धरून बसवावंसं वाटतं, कारण हा कायदा आपल्यासाठी आहे आणि आपल्याला तो ठाऊक नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांचा २००६चा कायदा, ज्याला सगळे एमएसएमई कायदा म्हणतात, तो फक्त कारखान्यांसाठी नाही. सेवा देणारेही त्यात येतात. १ एप्रिल २०२५पासून वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत असलेला उपक्रम 'सूक्ष्म' धरला जातो. घरातल्या टेबलावर बसून अनुवाद करणारी बाई त्यात आरामात बसते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करायची. पॅन आणि आधार लागतं, सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्ण फुकट असते. पैसे घेऊन करून देणारे एजंट पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नये. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी. नंतर केली तर समोरचा वकील नेमका त्याच मुद्द्यावर अडवतो.

या कायद्याचं पंधरावं कलम म्हणतं, की मुदत लेखी ठरली असेल तर त्या मुदतीत पैसे द्यावेत, पण ही मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. मग 'अजून वाचून व्हायचंय' म्हणणाऱ्याचं काय? त्याचीही सोय आहे. मजकूर दिल्यापासून पंधरा दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नाही, तर दिला तोच दिवस स्वीकारल्याचा धरला जातो. म्हणून मजकूर नेहमी ईमेलने द्यावा, तारीख आपोआप नोंदली जाते. 'आमच्या क्लायंटकडून आले की' हे कारण त्या पंचेचाळीस दिवसांना थोपवू शकत नाही. एजन्सीचं तिच्या क्लायंटशी काय ठरलंय, तो तिचा प्रश्न.

मुदत चुकली तर सोळाव्या कलमाप्रमाणे व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. तरीही पैसे आले नाहीत तर याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. निकाल विरुद्ध गेला आणि देणेकऱ्याला तो न्यायालयात उलटवून घ्यायचा असेल, तर निकालातल्या रकमेच्या पंचाहत्तर टक्के आधी जमा करावे लागतात. बारा हजारांसाठी कुणी तिथवर जाईल का, असं वाचकाला वाटेल. मी अजून गेलेली नाही आणि जावं लागू नये असंच मला वाटतं. पण या कायद्याचा खरा उपयोग दारातच होतो.

तो कसा, हे फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये सगळ्यांना दिसलं. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे नवं कलम आलं होतं. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचं देणं एमएसएमई कायद्याच्या मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा धरता येणार नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरा. म्हणजे थकवलेल्या बिलावर कंपनीला उलट कर भरावा लागणार. त्या दोन महिन्यांत अकाउंट्सवाल्यांची पत्रं यायला लागली, तुमचं उद्यम प्रमाणपत्र असेल तर पाठवा. एरवी फोन न उचलणारी माणसं आपणहून विचारू लागली. माझं एक बिल एका एजन्सीकडे बरेच महिने पडून होतं. मी नव्याने मेल लिहिला. तक्रार नाही, रागाचा शब्द नाही. बिलाचा क्रमांक, मजकूर दिल्याची तारीख, पंचेचाळीस दिवस कधी पुरे झाले ती तारीख, उद्यम क्रमांक आणि दोन कायद्यांची दोन कलमं. आणि तो मेल मालकाबरोबर त्यांच्या अकाउंट्स विभागालाही पाठवला. पैसे आले. तेव्हापासून उद्यम क्रमांक माझ्या प्रत्येक बिलावर, बँकेच्या तपशिलाच्या वरच्या ओळीत असतो.

परदेशातही ही लढाई चालूच आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७मध्ये फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा लागू केला: आठशे डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या कामाला लेखी करार सक्तीचा, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम पुरं झाल्यापासून तीस दिवसांत पैसे. २०२४मध्ये तसाच कायदा सबंध राज्याला लागू झाला. आपल्याकडे लेखी कराराची अशी सक्ती नाही, म्हणूनच तो 'मान्य'वाला मेल आपला आपण पाठवायचा. आणि दुसरीकडे मुंबईतल्या मालिकांचा व्यवहार बघा. प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी पैसे, हा तिथला रिवाज लेखक मुकाट्याने सोसतात. पनवेलहून हार्बर लोकलने रोज अंधेरी गाठणारी संवादलेखक मुलं मला भेटतात. पहिले तीन महिने उसनवारीवर काढायचे, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. जो रिवाज कायद्याच्या दुप्पट मुदत घेतो, तो बदलायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

कराचं थोडक्यात सांगते. कंपनीने वर्षात पन्नास हजारांच्या वर व्यावसायिक फी दिली, तर ती दहा टक्के टीडीएस कापून देते. हे पैसे बुडत नाहीत, आपल्या पॅनवर जमा होतात. पण खरंच भरलेत का, ते आयकराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला बघावं, कारण कापून न भरणारेही असतात. उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. एवढं सोडून बाकी सगळं सीएला विचारावं.

पैशाइतकाच महत्त्वाचा भाग हक्कांचा, आणि तिथे आपण फारच सढळ हाताने सह्या करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेलं मालकाचं असतं. फ्रीलान्स लेखकाने लिहिलेलं, वेगळं काही ठरलं नसेल तर, साधारणपणे लेखकाचंच राहतं. हक्क सोपवायचे तर लेखी कागद आणि लेखकाची सही लागते. त्या कागदात किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपन्यांच्या छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द असतात. ते असायला हरकत नाही, त्याची किंमत धरलेली असावी. एका प्रकल्पासाठी लिहिलेला मजकूर त्यांच्या पुढच्या तीन प्रकल्पांवर दिसतो, तेव्हा वाईट वाटून घेण्यात अर्थ नसतो. सहीचा कागद मी शेवटची रक्कम खात्यात आल्यावर देते.

वापर होईल तसे पैसे ही कल्पना मराठी माणसाला काही नवी नाही. आमच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एखाद्या व्यावसायिक नाटकाचा प्रयोग लागतो, तेव्हा नाटककाराला त्या प्रयोगाचं मानधन मिळतं. नाटक चाललं तर त्यालाही मिळत राहतं. पुस्तकाला साधारण दहा ते पंधरा टक्के रॉयल्टी असते, तेही तेच तत्त्व. चित्रपटांत मात्र गीतकार आणि पटकथाकारांना एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क काढून घेण्याची रीत होती. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, असं ठरलं. जावेद अख्तर यांनी त्यासाठी बाहेर आणि राज्यसभेत जे प्रयत्न केले, त्याचा लाभ आज नवख्या लेखकालाही होतो.

आता उरलं फुकटचं. लेखकाने फुकट काहीच लिहू नये, असं मी मानत नाही. वाचनालयाची स्मरणिका, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा अंक, कातकरी वाडीवरच्या आरोग्य शिबिराचं पत्रक, ही कामं मी पैसे न घेता करते आणि पुढेही करेन. मात्र तिथेही मी सांगते की याची किंमत इतकी झाली असती आणि ती मी घेत नाहीये. सांगितलं नाही, तर 'दोन ओळी तर आहेत' म्हणत त्याच मंडळातल्या कुणाच्या तरी दुकानाची जाहिरातही मागोमाग येते.

दिवाळी अंकांचं मात्र दुखतं. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा, आणि अजूनही लेख मागवणाऱ्या कितीतरी पत्रांत विषय असतो, शब्दमर्यादा असते, मजकूर द्यायची तारीख ठळक अक्षरांत असते, आणि पैशाचा उल्लेख नसतो. लहान अंक जाहिरातींवर कसाबसा निघतो, हे मला कळतं. संपादक स्वतःच्या खिशातून घालतात, हेही मी जवळून पाहिलंय. म्हणून मोठी रक्कम द्या, असं माझं म्हणणं नाही. पाचशे द्यायचे असतील तर पाचशे लिहा, काहीच द्यायचे नसतील तर तसं लिहा. लेखकाला ठरवू दे. आकाशवाणीच्या कार्यक्रमाचं करारपत्र यायचं, त्यात फीची रक्कम छापलेली असायची. ती पटली तर सही करून पाठवायची, नाहीतर नाही. इतकं सरळ. त्यात कुणाचा अपमान झाला नाही आणि कुणाचं साहित्यप्रेमही कमी झालं नाही.

यंदा जूनमध्ये आलेल्या एका संपादकांच्या पत्रात मानधनाचा आकडा होता, आणि अंक निघाल्यापासून तीस दिवसांत ते खात्यात जमा होईल, असंही होतं. आकडा लहानच होता. त्यांच्यासाठीचा लेख मी सगळ्यांत आधी लिहायला घेतला.